विहिरीतलं कासव कुणाचं?

गेल्या मे महिन्यात एका सकाळी पुतण्याचा फोन आला. पलूस तालुक्यात आमच्या मळ्यात जुनी दगडी विहीर आहे, तिचा गाळ काढायचं काम चाललं होतं. "काका, तळात दोन कासवं निघालीत. एक ताटाएवढं, दुसरं बशीएवढं. गाळ वर ओढणाऱ्या यारीवरचा एक जण म्हणतोय, मोठं मला द्या, पैसे देतो. आई म्हणतेय, आजोबांनी सोडलेलं कासव आहे, काम झालं की परत विहिरीतच टाक. काय करू?"

मी म्हटलं, "कुणाला देऊ नकोस. पैसे तर घेऊच नकोस. दोन्ही मोठ्या घमेल्यात ठेव, वर ओलं पोतं टाक, सावलीत राहू दे. मी वनविभागाला फोन लावतो." त्यानं सांगितलं तसं केलं. पण संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला आणि मग खरा प्रश्न निघाला. "काका, विहीर आपली, जमीन आपली, कासव आजोबांनी आणून सोडलेलं. मग ते सरकारचं कसं झालं?"

मी सांगलीच्या कोर्टात वकिली करतो. हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून अनेकदा ऐकू येतो. कुणाला ओढ्यात कासव सापडलेलं असतं, कुणाच्या मुलानं हौस म्हणून घरी आणलेलं असतं, कुणाला वास्तुतज्ज्ञानं ईशान्येला जिवंत कासव ठेवायला सांगितलेलं असतं. बहुतेकांच्या मनात पाप नसतं. कायदा काय म्हणतो हे मात्र जवळजवळ कुणालाच नीट माहीत नसतं, आणि माहीत होतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून पुतण्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय.

सगळं एका कायद्याभोवती फिरतं, तो म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्यातलं ३९ वं कलम मालकीबद्दल बोलतं, आणि ते ऐकून लोक चमकतात. नदीत, ओढ्यात मोकळं फिरणारं कासव कुणाच्याच खिशातलं नाही. पण ते कुणी बेकायदा पकडलं, घरात ठेवलं, पाळलं किंवा ते मेलेलं सापडलं, की त्या क्षणी ती सरकारची मालमत्ता होते. म्हणजे पकडल्यामुळे कासव तुमचं होत नाही. उलट पकडल्यामुळेच ते सरकारचं होतं आणि तुम्ही सरकारी मालमत्ता घरात ठेवलेला माणूस ठरता. विहिरीचा सातबारा तुमच्या नावावर असला तरी यात फरक पडत नाही. आपल्या बांधावरचं चंदनाचं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. जमीन आपली म्हणून तिच्यावरचं सगळंच आपलं नसतं.

याच कलमात ४८ तासांची गोष्ट आहे आणि तिचा अर्थ लोक हमखास चुकीचा लावतात. अशी मालमत्ता कोणत्याही कारणानं तुमच्या हाती आली, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याला कळवायचं आणि त्यांनी मागितली की ताब्यात द्यायची. "दोन दिवस ठेवलं तर चालतं" असा त्याचा अर्थ नाही. ती मुदत कळवण्यासाठी आहे, खेळवण्यासाठी किंवा नातेवाइकांना दाखवण्यासाठी नाही. आणि तुम्हीच ओढ्यात उतरून कासव पकडलं असेल, तर ४८ तासांत कळवलं म्हणून पकडण्याचा गुन्हा पुसला जात नाही.

कारण कायद्याच्या भाषेत पकडणं म्हणजे शिकार. आपण शिकार म्हटलं की बंदूक, भाला, रक्त डोळ्यांसमोर आणतो. कायद्यातली व्याख्या खूप रुंद आहे. मारणं, विष घालणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, जखमी करणं, जिवंत पकडणं, आणि यातलं काही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत येतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तर अंडी फोडणं किंवा घरट्याला हात लावून ते विस्कटणंही शिकारच. त्यामुळे नदीकाठच्या मातीत सापडलेली अंडी उकरून घरी आणणारा आणि गळ टाकून कासव ओढणारा, दोघांवर लागू होणारं कलम एकच, ९ वं. "आम्ही मारलं नाही, फक्त आणलं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि दर वेळी मला तेच सांगावं लागतं की आणणं हाच गुन्हा आहे. मांसाची व्याख्याही अशीच रुंद आहे. रक्त, हाडं, चरबी, अंडी, शिजवलेलं असो वा कच्चं, आणि पाठीचं कवचसुद्धा त्यात धरलंय. भिंतीवर शोभेसाठी टांगलेली कासवाची पाठ कायद्याच्या नजरेतून सुटत नाही.

आता प्रश्न येतो, कुठलं कासव? आपल्या मराठीत पाण्यातलं असो की जमिनीवरचं, सगळ्यांना एकच शब्द, कासव. कायदा मात्र प्रत्येक जातीचं शास्त्रीय नाव घेऊन तिला अनुसूचीत, म्हणजे यादीत बसवतो. या याद्या आधी सहा होत्या. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या चारच उरल्या. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना सगळ्यात कडक संरक्षण, दुसरीतल्यांना त्याखालोखाल, तिसरी वनस्पतींची, आणि चौथी आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी-देशी जातींची. शिकारीची बंदी पहिल्या दोन्ही अनुसूचींना आहे. यादी तोंडपाठ करायची गरज नाही. आपल्या भागात पाण्यात, चिखलात, शेतात कासव दिसलं, तर ते संरक्षित आहे असं धरूनच चालावं. यात चूक होण्याचा धोका फार कमी, आणि उलटं धरून चालण्यात तुरुंगाचा धोका आहे.

आमच्या विहिरीतून निघालं ते मऊ पाठीचं कासव होतं. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. कृष्णाकाठी ओढे, तळी, कालवे, भाताची खाचरं, जिथं पाणी आणि चिखल आहे तिथं ते राहतं. त्या संध्याकाळी मी मळ्यात गेलो आणि लहानग्याला घमेल्यात जवळून पाहिलं. पाठ गुळगुळीत, ओल्या चामड्यासारखी, मातकट हिरवी. हात लावताच त्यानं मान आत घेतली, मग पुढचे पाय, आणि शेवटी मागचे पाय घेतल्यावर पोटाच्या बाजूनं दोन झडपा आल्या आणि दारं लावावीत तशा बंद झाल्या. या झडपांमुळेच इंग्रजीत त्याचं नावही झडपवालं कासव असंच पडलंय. हे पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यासारखंच पण बरंच मोठं होणारं, नळीसारख्या नाकाचं लीथचं कासव कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत होतं. हे फक्त भारताच्या दक्षिण पठारावर सापडतं, जगात दुसरीकडे कुठंच नाही. आज ते अतिसंकटग्रस्त जातींत मोजलं जातं. माझ्या वडिलांच्या पिढीला जे कृष्णेत सहज दिसायचं, ते माझ्या मुलीला दाखवायला मला जागा सुचत नाही, ही गोष्ट मला खरोखर लागते.

तिसरं आहे स्टार कासव. काळ्या उंच पाठीवर पिवळ्या किरणांची नक्षी असलेलं, कोरड्या माळावरचं. सगळ्यात जास्त चोरटा बाजार याचाच आहे. आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, गुजरात, राजस्थान ही त्याची घरं, पण पिशवीत आणि डब्यात भरून ते देशभर आणि देशाबाहेर जातं. आधी ते खालच्या अनुसूचीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीनं पहिल्या अनुसूचीत आलं.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. किमान हा शब्द नीट वाचा. गुन्हा सिद्ध झाला की दंड भरून सुटता येत नाही. आपल्याकडे सर्रास विचारतात तसं "काही भरून मिटवता येईल का?" याचं उत्तर नाही असंच आहे, कारण ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरवून दिलीय तो अधिकाऱ्यालाही तडजोडीनं मिटवता येत नाही. दुसऱ्या अनुसूचीसाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि एक गोष्ट नेहमीच्या फौजदारी खटल्यापेक्षा वेगळी आहे. कासव तुमच्या ताब्यात होतं एवढं सिद्ध झालं, की तो ताबा बेकायदा होता असंच गृहीत धरलं जातं. कायदेशीर होता हे तुम्ही सिद्ध करायचं.

काही वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे आली होती. मुलगा बावीस वर्षांचा, गॅरेजमध्ये काम करायचा. कालव्याचं आवर्तन संपल्यावर डबक्यात अडकलेलं कासव त्यानं उचललं, फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला "देणे आहे" असं लिहून टाकला. फोन आला, ठरलेल्या जागी मोटरसायकलवरून पिशवी घेऊन गेला आणि पकडला गेला. कासव, मोबाइल, मोटरसायकल सगळं मुद्देमालात जमा. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहनही कायद्यानं सरकारजमा होऊ शकतं. त्या माउलीचा एकच प्रश्न होता, "साहेब, डबक्यातलं कासव वाचवलं त्यानं, त्यात एवढं काय?" वाचवलं असतं तर त्याच डबक्यातून उचलून जवळच्या वाहत्या पाण्यात सोडलं असतं, किंवा वनविभागाला फोन केला असता, आणि त्याला कुणी काही बोललं नसतं. पैशांसाठी पिशवीत घातलं तिथं वाट फुटली. तिला हे सांगताना मला फार वाईट वाटलं होतं. मुलगा गुंड नव्हता. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

त्या फोनमागे कोण होतं ते कळलं तेव्हा जास्त राग आला. कासवाची नखं मोजून घेणारे लोक. सांगली-साताऱ्याकडे हे सगळ्यांच्या कानावर असतं, की २० नखांचं, इतक्या किलोचं कासव आणा, पूजा मांडू, पैशांचा पाऊस पडेल. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला ठळक नखं तीनच असतात, त्यांच्या कुळाचं शास्त्रीय नावच तीन नखांवरून पडलंय. चार पायांची मिळून बारा. स्टार कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा. जे कासव मिळणारच नाही तेच मागायचं, शोधणाऱ्यांना महिनोन्‌महिने चिखलात फिरवायचं, आणि शेवटी "हे चालणार नाही, दुसरं आणा" म्हणून जिवंत जनावर कुठंतरी फेकून द्यायचं, असा हा धंदा आहे. यात कासवं मरतात आणि कर्ज काढून पैसे लावणारी घरंही बुडतात. चमत्काराचा दावा करून फसवणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात वेगळा कायदा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. त्यात ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार दंड आहे. या कायद्यासाठी झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच कायद्याचा वटहुकूम निघाला. पैशांच्या पावसासाठी कासव आणणाऱ्यावर हे दोन्ही कायदे एकदम लागू शकतात.

श्रद्धेचा मुद्दा इथं येतोच. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण आत जातो. ते कासव कूर्मावताराचं आहे, इंद्रियं आवरून घेणाऱ्या साधकाचं आहे. संतांनी तर कासवीच्या नजरेचा दृष्टान्त दिला, की ती पिलांना दूध पाजत नाही, पण लांबून नुसत्या नजरेनं वाढवते. (खरं तर कासवी मातीत अंडी घालून निघून जाते. पण लांब राहून वाढू देणं यात जे प्रेम आहे ते मला आजही सुंदर वाटतं.) दगडाच्या, पितळेच्या कासवावर कायद्याचं काही म्हणणं नाही. जिवंत कासव पूजेला आणण्यावर आहे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आठवा. पिढ्यान्‌पिढ्या जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक निघायची, गावाची त्यामागची भक्ती खरी होती. तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ते खेळ आणि मिरवणुका थांबवाव्या लागल्या. हेतू चांगला असला म्हणून जंगली प्राणी पकडण्याची मोकळीक मिळत नाही, हे आपल्या जिल्ह्यानं इतकं जवळून पाहिलंय.

"मग आजोबांचं काय?" पुतण्यानं विचारलंच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐंशीच्या दशकात ओढ्यातलं एक कासव आणून विहिरीत सोडलं होतं. तेव्हा घरोघर तशी पद्धत होती. कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं, शेवाळ, मेलेले बेडूक, किडे ते खातं, असं सांगायचे, आणि त्यात तथ्यही आहे. सकाळी आबा भाकरीचा तुकडा टाकायचे आणि खालून काळं नाक वर यायचं, बुडबुडे फुटायचे. आम्ही पोरं पायरीवर बसून बघायचो. त्यांच्या मनात त्या जिवाबद्दल नुसती माया होती. कायदा तेव्हाही होता, त्यांना माहीत नव्हता. आज मला जे दिसतं ते त्यांना दिसायचं कारण नव्हतं. दगडांनी बांधलेल्या उभ्या विहिरीत कासवाला अंडी घालायला मातीचा काठ नाही, जोडीदार नाही, वर चढायला वाट नाही. ते खातं-पितं, तीस-चाळीस वर्षं जगतंही, पण त्याचं पिल्लू जगात येत नाही. त्याच्या जातीच्या हिशेबात ते पकडलं त्याच दिवशी वजा झालं.

कायदा इतका कडक का, याचं उत्तर मला या विहिरीत सापडतं. कासव सावकाश वाढतं, वयात यायला वर्षं घेतं. अंडी घालतं, पण मुंगूस, कोल्हा, कुत्री, कावळे बहुतेक अंडी आणि पिल्लं संपवतात. निसर्गानं याचा तोल एकाच मार्गानं साधलाय, की मोठं झालेलं कासव पुष्कळ वर्षं जगावं आणि वर्षामागून वर्ष अंडी घालत राहावं. माणूस उचलतो ते नेमकं मोठं. कोंबडीसारखं नाही, की दहा नेली तरी पुढच्या वर्षी दहा वाढतील. ओढ्यातून चार मोठ्या माद्या गेल्या की ओढा रिकामा होतो, आणि रिकामा झालाय हे कळायलाच दहा वर्षं लागतात. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेनं २००९ ते २०१९ या दहा वर्षांतल्या भारतातल्या जप्तींची बेरीज केली, तर जमिनीवरची आणि गोड्या पाण्यातली मिळून किमान १,११,३१० कासवं निघाली. ही फक्त पकडली गेलेली. २०१६-१७ च्या हिवाळ्यात केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं "सेव्ह कूर्म" नावाची मोहीम काढली, तिच्यात काही आठवड्यांत १५ हजारांहून अधिक जिवंत कासवं मिळाली.

हा व्यापार देशाबाहेर जातो म्हणून साईट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात १९७६ पासून आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात नाव गेलं की त्या जातीचा व्यापारी आयात-निर्यात व्यवहार जवळपास बंद. स्टार कासव २०१९ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत पहिल्या परिशिष्टात गेलं, आणि आपल्या कृष्णेतलं लीथचं कासव नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत, भारताच्याच प्रस्तावावरून. पलूसच्या ओढ्यातल्या जिवाचं नाव पनामात घेतलं जातं, याचं मला अप्रूप वाटतं.

आता दुकानातल्या कासवांकडे येऊ, कारण गोंधळ तिथं सगळ्यात जास्त आहे. माशांच्या दुकानात काचेच्या टाकीत पाच रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी हिरवी पिल्लं असतात, डोळ्यामागे लाल पट्टा. ही आपल्याकडची नाहीत, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली. त्यामुळे देशी कासवांच्या याद्यांचा नियम त्यांना जसाच्या तसा लागत नाही, आणि "कासव पाळायला चालतं" हा समज इथूनच पसरतो. दुकानात उघड मिळतं म्हणून ओढ्यातलंही चालेल, असं लोक धरून चालतात. लाल पट्ट्याचं कासव जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. नाण्याएवढं पिल्लू दोन-चार वर्षांत ताटलीएवढं होतं, टाकीत मावत नाही, पाणी घाण होतं, आणि मग कुणीतरी "बिचाऱ्याला मोकळं करू" म्हणून ते सांगलीच्या काळ्या खणीत, मिरजेच्या गणेश तलावात किंवा थेट कृष्णेत सोडायचा विचार करतं. कृपा करून असं करू नका. ते देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा दोन्ही बळकावतं, आजारही आणतं. अमेरिकेत तर चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण त्यांच्यापासून लहान मुलांना साल्मोनेला जंतूची बाधा होत होती. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनं अशा आक्रमक परक्या जातींची आयात, विक्री, बाळगणं यांवर बंधन घालायचा अधिकार केंद्राला दिलाय. घरात असेल तर मरेपर्यंत नीट सांभाळा, नाहीतर प्राणी बचाव करणाऱ्या संस्थेशी बोला.

काही हौशी लोक आफ्रिकेतलं सुलकाटासारखं मोठं कासव पाळतात. ते साईट्सच्या यादीत असल्यामुळे आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतं, आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंद करायचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. परिवेश या सरकारी पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करायची होती. विकत घेताना "कागद आहेत" असं कुणी म्हणालं, तर तीच नोंद दाखवा म्हणावं. देशी कासवाच्या बाबतीत मात्र असा कागद आज कुणी नव्यानं मिळवून देऊ शकत नाही. जुन्या काळापासून ताब्यात असलेले वन्यप्राणी जाहीर करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. "माझी ओळख आहे, परवाना काढून देतो" म्हणणारा फसवतोय. परवानगी असते ती शिक्षण, संशोधन यांसारख्या कामांसाठी, मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, आणि ती घरातल्या हौदासाठी मिळत नाही.

ज्यांच्या घरी आत्ता देशी कासव आहे त्यांना मी खोटा दिलासा देणार नाही. "स्वतःहून आणून दिलं की गुन्हा माफ" असं कायद्यात सरसकट लिहिलेलं नाही. पण जवळ ठेवून रोज गुन्हा चालू ठेवण्यापेक्षा, वकिलाशी बोलून ते वनविभागाच्या ताब्यात देणं केव्हाही बरं. रात्री गुपचूप नदीत सोडू नका. वर्षानुवर्षं टाकीत राहिलेल्या कासवाला बाहेर खाणं शोधता येईल का, त्याला आजार आहे का, ते मुळात या नदीचं आहे का, हे जाणकारानं बघावं लागतं.

आणि वाटेत दिसलं तर? पहिल्या पावसात कासवं रस्ता ओलांडतात. गाडी सुरक्षित जागी थांबवून, दोन्ही बाजूंनी धरून, ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच बाजूला रस्त्याकडेला ठेवा. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते, ते चावतं, म्हणून हात मागच्या बाजूला धरा. भोई-कोळी बांधवांच्या जाळ्यात आलं तर तिथंच लगेच मोकळं करावं. जखमी असलं, किंवा २०१९ आणि २०२१ सारखं पुराचं पाणी घरात आल्यावर अंगणात आलं, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा. तो क्रमांक मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

आमच्या मळ्यात वनरक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांनी दोन्ही कासवं उलटसुलट करून तपासली, फोटो काढले, पंचनामा लिहिला. पुतण्यानं आणि शेजारच्या शेतकऱ्यानं पंच म्हणून सह्या केल्या. मोठ्याच्या पाठीवर एका बाजूला जुनी, बुजलेली खाच होती. वहिनींनी ती ओळखली. आबांच्या काळात बादलीचा कडा लागून झालेली, असं त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. लहान कासव कुठून आलं, हे मात्र वनरक्षकांनी विहिरीकडे बघूनच सांगितलं. विहिरीला कठडा नव्हता. पावसाळ्यात बांधावरून चालत आलं असेल आणि सरळ आत पडलं असेल. अशा उघड्या विहिरींत कासवंच काय, साळिंदर, कोल्हे, कधी बिबटेही पडतात, असं ते म्हणाले.

तपासणी झाल्यावर दोन्ही कासवं कृष्णेच्या एका शांत डोहाच्या काठी सोडली. लहान लगेच पाण्यात गेलं. मोठं बराच वेळ चिखलात तसंच बसून राहिलं, झडपा बंद करून. आम्ही मागं सरकलो, झाडाखाली उभे राहिलो. मग मान बाहेर आली, लांब झाली, आणि ते चालायला लागलं.

गाळ काढून झाल्यावर पुतण्यानं गवंडी बोलावला आणि विहिरीला अडीच फुटांचा कठडा बांधून घेतला.